एनसीच्या कागदावर न छापलेली तारीख

१० सप्टेंबर २०२३, रविवार. आमच्या गल्लीत त्या सकाळी पाच दिवसांनी नळाला पाणी आलं होतं. सोलापुरात राहणाऱ्याला पाण्याचा दिवस म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. त्या वर्षी तर ऑगस्ट कोरडा गेलेला, त्यामुळे सगळेच धास्तावलेले. शेजारच्या घराने नळाला थेट मोटार लावली आणि मागच्या चार घरांची धार बंद झाली. अण्णा, म्हणजे माझे वडील, तेव्हा अडुसष्ट वर्षांचे. सगळी हयात यंत्रमागाच्या कारखान्यात टॉवेल विणण्यात गेलेली, आवाज चढवणं स्वभावात नाही. ते जाऊन एवढंच म्हणाले, "मोटार काढा, मागं थेंब येईना." शेजाऱ्याने घाणेरड्या शिव्या दिल्या, थोबाडीत मारली, "परत बोललास तर बघून घेतो" म्हणाला. त्याच्याबरोबर एक अनोळखी तरुण होता, त्याने छातीवर हात देऊन अण्णांना ढकललं. अण्णा पायरीवर मनगटावर पडले. मी बादली घेऊन दारातच उभी होते.

तिथून पुढे बावीस महिने जे झालं ते तारखांसकट लिहिते आहे. अशी वेळ आमच्यासारख्या घरांवर नेहमी येते, आणि त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आम्हाला जवळजवळ वर्ष उलटेपर्यंत कुणी सांगितली नव्हती.

दुपारी बाराच्या सुमारास आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. त्यांनी आधी मेडिकल यादी, म्हणजे तपासणीसाठी दवाखान्याच्या नावाचं पत्र, देऊन सिव्हिलला पाठवलं. सिव्हिलमध्ये तपासणी, एक्स-रे, थांबणं यात तीन तास गेले. हाड मोडलेलं नव्हतं. कागदावर "साधी दुखापत" असं आलं. तेव्हा आम्हाला हायसं वाटलं. या दोन शब्दांवर पुढचं सगळं ठरणार होतं हे कळायला अकरा महिने लागले.

संध्याकाळी परत ठाण्यात. हवालदारांनी सगळं ऐकून घेतलं, लिहून घेतलं, अण्णांची सही घेतली आणि एक कागद हातात दिला. वर "अदखलपात्र", खाली भादंविची, म्हणजे तेव्हाच्या भारतीय दंड विधानाची, तीन कलमं, ३२३, ५०४ आणि ५०६, दोन आरोपी, त्यातला एक "अनोळखी इसम". शेवटी एक ओळ: फिर्यादीस न्यायालयात दाद मागण्याबाबत समज दिली. आम्ही ती ओळ वाचली आणि कागद घडी घालून घरी आणला. आईने विचारलं, "केस झाली का?" मी म्हटलं, "झाली."

केस झालेली नव्हती. तो कागद एनसीचा, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीचा होता, आणि एनसीचा अर्थ एवढाच की पोलिसांनी आपलं म्हणणं त्यांच्या वहीत नोंदवलं. गुन्हा अदखलपात्र असेल तर न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय त्यांना तपास करता येत नाही, वॉरंटशिवाय अटक करता येत नाही. हे मला ऑक्टोबरात तिसऱ्या खेपेला समजलं. दोन वेळा जाऊन मी "तपास कुठपर्यंत आला" असं विचारत होते. तिसऱ्यांदा एका महिला कर्मचाऱ्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, एनसीत तपास नसतो. तुम्हाला कोर्टात जावं लागेल." कधीपर्यंत, ते त्या बोलल्या नाहीत, आणि मला विचारायचं सुचलं नाही.

मधले महिने पटकन सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं काही घडलं नाही. गणपती आले, गेले. शेजाऱ्याच्या दारावरून जावं लागू नये म्हणून अण्णा मागच्या बोळातून वळसा घालून दूध आणू लागले. १७ डिसेंबरला गल्लीतल्या एका मुलाकडून कळलं की तो अनोळखी तरुण शेजाऱ्याचा भाचा, एमआयडीसीकडे राहतो. मी त्याचं नाव एनसीच्या कागदामागे पेन्सिलने लिहून तारीख टाकली. असं का केलं ते मलाही सांगता येणार नाही, हिशेबाच्या कामाची सवय असेल. पुढे त्या पेन्सिलच्या ओळीचा उपयोग झाला. जानेवारीत गड्ड्याची यात्रा. दरवर्षी नंदीध्वज बघायला सर्वांत आधी तयार होऊन बसणारे अण्णा त्या वर्षी घरातच राहिले. मार्चमध्ये आईच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, मग उन्हाळा, मग माझा कामाचा हंगाम. मी एका सीएंच्या ऑफिसात काम करते. ३१ जुलैपर्यंत विवरणपत्रांची गर्दी असते, तेव्हा घरच्या कुठल्याही कागदाकडे बघायला होत नाही.

६ ऑगस्ट २०२४. आमच्या ऑफिसात येणाऱ्या एक वकील मॅडम त्यांच्या फाइलसाठी बसल्या होत्या. बोलता बोलता मी एनसीचा विषय काढला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "एक्स-रे काढला होता का? फ्रॅक्चर?" मी नाही म्हटलं. दुसरा प्रश्न, "तारीख?" मी सांगितली. त्यांनी टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मग तुमच्याकडे पस्तीस दिवस आहेत. परवा कागद घेऊन या."

मी दिवसभर दुसऱ्यांच्या मुदती सांभाळते. कुणाचं विवरणपत्र कधी, कुणाचं ऑडिट कधी, दंड कधीपासून, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. गुन्ह्याच्या फिर्यादीलाही मुदत असते हे मात्र माहीत नव्हतं. आपल्याकडे "गुन्ह्याला मुदत नसते" असं सर्रास बोललं जातं. मोठ्या गुन्ह्यांबाबत ते खरंही आहे. म्हणूनच लहान गुन्ह्यांत माणूस फसतो.

८ ऑगस्टला अण्णांना घेऊन गेले. मॅडमनी जे समजावलं ते मी त्याच रात्री वहीत उतरवून ठेवलं. त्या कलमाला जास्तीत जास्त शिक्षा किती सांगितली आहे, त्यावरून मुदत ठरते. नुसता दंड असेल तर सहा महिने. एक वर्षापर्यंत कैद असेल तर एक वर्ष. एक ते तीन वर्षांपर्यंत कैद असेल तर तीन वर्षं. तीन वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला ही मर्यादा नाहीच. ती मुदत उलटली की कोर्टाला त्या गुन्ह्याची दखल घेता येत नाही. १९७३ची फौजदारी प्रक्रिया संहिता आली तेव्हा हा नियम आला. त्यात तो ४६८व्या कलमात होता, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ५१४व्या कलमात आहे.

अण्णांच्या प्रकरणात ३२३, म्हणजे साधी दुखापत, शिक्षा एक वर्षापर्यंत. म्हणून मुदत एक वर्ष. हाड मोडलं असतं तर ते गंभीर दुखापतीत गेलं असतं, सात वर्षांपर्यंत शिक्षा, मुदतीचा प्रश्नच नाही आणि पोलिसांनाही तपास करावा लागला असता. एक्स-रेचा प्रश्न त्यांनी सर्वांत आधी का विचारला ते तेव्हा कळलं. ५०४ आणि ५०६ला, म्हणजे चिथावणी मिळेल असा अपमान आणि धमकी, दोन दोन वर्षांपर्यंत शिक्षा, म्हणून तीन वर्षं मुदत. एकत्र चालवता येणाऱ्या गुन्ह्यांत सर्वांत जास्त शिक्षेच्या गुन्ह्याची मुदत सगळ्यांना लागते, असंही कायद्यात आहे. मी लगेच म्हटलं, "मग आपल्याकडे तीन वर्षं आहेत की!" मॅडम म्हणाल्या, "कागदावर आहेत. पण उद्या कोर्टाला ५०४ आणि ५०६ त्या प्रसंगात दिसलेच नाहीत तर मागे उरतं ३२३, आणि त्याला एकच वर्ष. तुमच्या वडिलांना मारलंय ते ३२३ आहे. मी त्याच्याच तारखेने चालणार." असाच प्रसंग ज्यांच्यावर आलाय त्यांनी हे वाक्य लक्षात ठेवावं. सोबत मोठं कलम लावलंय म्हणून निवांत राहू नका.

मी विचारलं, एनसी तर त्याच दिवशी केली होती, ती धरत नाहीत का? नाही धरत. नव्या संहितेत ५१४व्या कलमाखाली स्पष्टच लिहिलंय की मुदत मोजताना कोर्टात फिर्याद दाखल केल्याची तारीख किंवा दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवल्याची तारीख बघायची. अदखलपात्र नोंद त्यात बसत नाही. ज्या कागदाच्या भरवशावर आम्ही अकरा महिने बसलो होतो, त्याने मुदत एका दिवसानेही थांबलेली नव्हती.

दिवस कसे मोजायचे तेही सांगते. घटनेचा दिवस धरत नाहीत, म्हणजे आमची शेवटची तारीख १० सप्टेंबर २०२४. त्या दिवशी कोर्ट बंद असेल तर उघडेल त्या दिवशी चालतं. आरोपी कोण हे माहीत नसेल तर तो कोण ते आपल्याला किंवा तपास करणाऱ्या पोलिसांना कळल्यापासून, दोन्हींतली आधीची तारीख धरून, मुदत सुरू होते. भाच्याची ओळख आम्हाला १७ डिसेंबरला पटली, म्हणून त्याच्यापुरती मुदत तिथून. मी कागदामागची पेन्सिलची ओळ दाखवली तेव्हा मॅडमनी ती तशीच झेरॉक्स करायला सांगितली. उशीर झालाच तर विलंब माफीचा अर्ज करता येतो, उशिराचं कारण पटलं किंवा न्यायासाठी गरज दिसली तर कोर्ट मुदत वाढवू शकतं. पण त्यावर विसंबून राहायचं नाही. "प्रत्येक महिन्याचं उत्तर द्यावं लागेल," त्या म्हणाल्या, "आणि काम होतं हे उत्तर चालत नाही."

आणखी एक घोळ. घटना १ जुलै २०२४च्या आधीची, म्हणून गुन्ह्याची कलमं जुन्या भादंविचीच राहणार. फिर्याद मात्र त्यानंतर दाखल होणार, म्हणून ती नव्या संहितेच्या २२३व्या कलमाखाली. पुढे काउंटरवरही यावर प्रश्न आला, तेव्हा आमचा कागद बरोबर होता.

मग कागदांची धावपळ. एनसीच्या सहीशिक्क्याच्या नकलेसाठी १२ ऑगस्टला अर्ज दिला, मध्ये १५ ऑगस्ट, मग राखीपौर्णिमा, नक्कल २० तारखेला मिळाली. सिव्हिलच्या कागदांसाठी त्याच दिवशी अर्ज, ते २३ला मिळाले. तिथे केसपेपरचा नंबर असेल तर काम लवकर होतं, नसेल तर तारीख आणि वेळ सांगून रजिस्टर शोधायला लावावं लागतं. आमचा केसपेपर आईने औषधांच्या डब्यात जपून ठेवला होता. तो टाकू नका, हे सगळ्यांना सांगते. दोन्ही ठिकाणी अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. मुदत जवळ असताना कागद कधी मागितला याचा पुरावाही लागू शकतो.

साक्षीदार हा सर्वांत अवघड भाग होता. समोरच्या मावशींनी सगळं पाहिलेलं. मी गेले तेव्हा त्यांनी चहा केला, अण्णांची चौकशी केली आणि मग म्हणाल्या, "आमची भिंत एक आहे गं त्यांची. राहायचंय इथंच." मला राग आला नाही. वर्षापूर्वी, त्याच आठवड्यात विचारलं असतं तर त्या हो म्हणाल्या असत्या असं मला अजूनही वाटतं. किराणा दुकानदार काका मात्र तयार झाले. शेवटी साक्षीदार म्हणून मी आणि काका.

आणि मग शिव्या. ५०४साठी नुसतं "अश्लील शिवीगाळ केली" लिहून भागत नाही, नेमके शब्द द्यावे लागतात. मॅडमनी विचारलं, काय म्हणाला? अण्णा गप्प. माझ्याकडे बघेनात. मी बाहेर जाऊन बसते म्हटलं, तरी बाईमाणसासमोर ते शब्द तोंडातून काढायला तयार होईनात. मला ते शब्द माहीत होते, मी दारातच होते, पण ऐकलंय हे त्यांना सांगायचं धाडस मलाही झालं नाही. आम्ही तसेच घरी आलो. रात्री जेवणानंतर अण्णा माळ्यावरची जुनी हिशेबाची वही काढून बसले, एक पान फाडलं, त्यावर काही लिहिलं आणि चार घड्या घालून मला दिलं. "वकीलबाईंना दे. तू उघडू नकोस." मी उघडलं नाही. ३० ऑगस्टला फिर्यादीचा मसुदा आला तेव्हा अण्णांनी तो चष्मा लावून एकट्यानेच वाचला आणि सही केली. अपमान झाल्याला वर्ष झालं होतं, पण त्या माणसाला तो अपमान पुन्हा स्वतःच्या हाताने लिहावा लागला. या प्रक्रियेतली मला सर्वांत जड गेलेली गोष्ट तीच.

५ सप्टेंबरला दाखल करायचं ठरलं होतं. अण्णांना ताप भरला. ६ तारखेला, हरतालिकेच्या दिवशी, आम्ही गेलो. काउंटरवर कागद तपासले आणि परत दिले: पानांना सलग आकडे नव्हते, आणि भाच्याचा पत्ता अपुरा. ७ला गणेश चतुर्थी, ८ला रविवार. हातात उरले दोन दिवस. शनिवारी घरात गणपती बसवले, आरती झाली आणि मी गाडी काढून एमआयडीसीकडे त्या पत्त्याचा घरनंबर बघायला गेले. घराबाहेर उभं राहून मोबाइलमध्ये नंबर लिहून घेतला. हात थरथरत होते. दुसऱ्या कुणाला अशी वेळ आली तर एकटीने जाऊ नका. मी जायला नको होतं.

सोमवार, ९ सप्टेंबर. घरी आई महालक्ष्म्यांची तयारी करत होती, दुसऱ्या दिवशी त्या येणार होत्या. मी आणि अण्णा पावणेअकराला कोर्टाच्या आवारात. वकीलपत्र, फिर्याद, कागदांची यादी, साक्षीदारांची यादी, सगळे झेरॉक्स. बारा वाजून वीस मिनिटांनी कागद स्वीकारले गेले आणि आमच्या प्रतीवर तारखेचा शिक्का बसला. मी त्या शिक्क्याचा तिथेच फोटो काढला. काही दिवसांत सीएनआर नंबर, म्हणजे खटल्याचा ओळखक्रमांक, मिळाला, तो सोळा आकडी-अक्षरी असतो. ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये तो टाकला की पुढची तारीख घरबसल्या दिसते. ॲप रोज बघायची सवय लावा, पण तारखेच्या आदल्या दिवशी वकिलांनाही फोन करा. ॲपवर नोंद कधी कधी उशिरा येते.

पहिली तारीख २६ सप्टेंबर, न्यायाधीश रजेवर. दुसरी १७ ऑक्टोबर. सकाळी अकरापासून बसलो, पुकारा साडेतीनला झाला. त्या दिवशी अण्णांचा शपथेवरचा जबाब झाला, कोर्टात सगळे त्याला व्हेरिफिकेशन म्हणतात. न्यायाधीशांनी शांतपणे विचारलं, घाई केली नाही. "कोणत्या हाताने मारलं?" अण्णा म्हणाले उजव्या. थोड्या वेळाने म्हणाले, नाही, डाव्या असेल, उजव्या हातात मोटारीचा पाइप होता. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते. तेरा महिन्यांत अण्णांच्या डोक्यातला तो प्रसंग पुसट झाला होता. कायद्याने मुदत का घातली असेल ते मला तिथे पटलं. दहा वर्षांनी कुणी कुणावर थोबाडीत मारल्याची फिर्याद केली तर खरं काय ते कुणालाच सांगता येणार नाही, मारणाऱ्यालाही नाही. मुदतीबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार इतकीच आहे की एनसीच्या कागदावर "दाद मागण्याबाबत समज दिली" लिहायला जागा आहे, तर त्याच्यापुढे "अमुक तारखेच्या आत" एवढे तीन शब्द छापायला काय हरकत आहे? पोलिसांना कलमं माहीत असतात, शिक्षाही माहीत असते. अण्णांसारख्या माणसाला ती तारीख कोण सांगणार?

नव्या संहितेत दखल घेण्याआधी आरोपीला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. नोटिसा निघाल्या, ५ डिसेंबरची तारीख पडली, एकाची बजावणी झाली नव्हती. ९ जानेवारी २०२५ला दोघं वकिलांसह आले. त्यांचं पहिलंच म्हणणं: घटना सप्टेंबर २०२३ची, आज जानेवारी २०२५, एक वर्ष कधीच उलटलं, फिर्याद मुदतबाह्य आहे. अण्णांनी माझा हात धरला. युक्तिवाद ६ फेब्रुवारीला झाला. आमच्या मॅडमनी दोन गोष्टी मांडल्या. एक, ९ सप्टेंबरचा शिक्का. दोन, सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने २६ नोव्हेंबर २०१३ला सारा मॅथ्यू प्रकरणात दिलेला निर्णय: मुदत मोजायला फिर्याद दाखल केल्याची तारीख बघायची, कोर्टाने दखल घेतल्याची नाही. फिर्यादी वेळेत आला असेल तर कोर्टाला लागलेल्या वेळेचा भुर्दंड त्याच्यावर नाही. आणि आता तेच संहितेत लिहिलेलंही आहे.

२० फेब्रुवारीला आदेश झाला. फिर्याद मुदतीत. शेजाऱ्यावर ३२३ आणि ५०४खाली, भाच्यावर फक्त ३२३खाली प्रोसेस इश्यू, म्हणजे खटल्याला हजर राहण्याचं समन्स काढायचा आदेश. ५०६ कोर्टाला दिसलं नाही. म्हणजे मॅडमनी सहा महिन्यांपूर्वी जी भीती सांगितली होती ती अर्धी खरी ठरली. ५०४ टिकलं ते अण्णांच्या चार घड्यांच्या कागदामुळे. आम्ही तीन वर्षांच्या भरवशावर राहून महालक्ष्म्या उठल्यावर निवांत गेलो असतो, तर नुसतं ३२३ उरलेल्या भाच्याच्या बाबतीत, त्याची ओळख आम्हाला नक्की कधी पटली यावरून, मोठा वाद उभा राहिला असता.

पुढचं थोडक्यात. २४ एप्रिलला समन्स बजावलेलं नव्हतं, १२ जूनला दोघं हजर झाले, जामीनपात्र गुन्हा, त्याच दिवशी जामीन झाला. अशा खटल्यात फिर्यादी तारखेला गैरहजर राहिला तर आरोपी सुटू शकतो, म्हणून अण्णा एकही तारीख चुकले नाहीत, एकदा तर सलाइन काढून दुसऱ्याच दिवशी आले. जूनच्या तारखेनंतर शेजाऱ्याची बायको आईकडे आली. मग गल्लीतले चार जाणते लोक बसले. साधी दुखापत आणि अपमान हे दोन्ही गुन्हे ज्याच्यावर झाले त्याला आपसात मिटवता येतात. मिटवायचं की नाही हे अण्णांनी ठरवायचं होतं, मी नाही. मला खटला शेवटपर्यंत चालवायचा होता, आणि ते मी त्यांना स्पष्ट सांगितलंही. अण्णांची अट एकच होती: पाण्याच्या दिवशी, सगळे नळावर असताना, त्याने माफी मागायची. त्याने मागितली. अण्णा म्हणाले, "मोटार?" तो म्हणाला, "काढली." १७ जुलै २०२५ला तडजोडीची पुरसिस, म्हणजे कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन, दाखल झाली. तडजोडीचा परिणाम कायद्याने निर्दोष सुटण्यासारखाच असतो, हे सही करण्यापूर्वी मी अण्णांना दोनदा सांगितलं. त्यांनी सही केली.

खर्च: वकिलांची फी आठ हजार, दोन हप्त्यांत. टायपिंग, झेरॉक्स, तिकिटं, नकला मिळून साधारण साडेअकराशे. रिक्षा चौदाशेच्या आसपास. नऊ तारखा, त्यातले माझे सहा दिवस बिनपगारी. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मोफत वकील मिळतो हे मला नंतर कळलं. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, अपंगांना, औद्योगिक कामगारांना तिथे उत्पन्नाची अट नाही, बाकीच्यांना उत्पन्न बघून मिळतो. १५१०० हा त्यांचा फोन नंबर.

गेल्या आठवड्यात मागच्या गल्लीतली एक विडी कामगार बाई घरी आली. अण्णांची केस मिटल्याचं तिने ऐकलं होतं. पदरात गुंडाळलेला एनसीचा कागद तिने माझ्यासमोर ठेवला. दिराने मारलं होतं, हात सुजला होता, हाड मोडलेलं नव्हतं. कलम भादंविच्या जागी आलेल्या नव्या भारतीय न्याय संहितेचं, ११५ पोटकलम २, साधी दुखापत, एक वर्षापर्यंत शिक्षा. मी विचारलं, "कधीचं?" ती म्हणाली, "घट बसले त्या दिवशी, मागच्या वर्षी." म्हणजे ३ ऑक्टोबर २०२४. मी कॅलेंडर काढलं. शेवटची तारीख ३ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार. २ला दसरा आणि गांधी जयंती, सुट्टी. त्याआधी नवरात्र, त्याआधी गणपती. कागदामागे मी तारीख लिहून दिली, या वेळी पेनने. सिव्हिलचा केसपेपर आहे का विचारलं, तर घरी आहे म्हणाली. सोमवारी अकरा वाजता आम्ही दोघी विधी सेवा प्राधिकरणात जाणार आहोत, तो घेऊनच ये म्हणून सांगितलंय.